मुदत पुरी झाली तेव्हा

बँकेतली माझी शेवटची काही वर्षे मृत खातेदारांच्या ठेवींचे दावे निकाली काढण्यात गेली. समोर वारस बसलेले असायचे, टेबलावर मृत्यूचा दाखला आणि मुदत ठेवीची पावती. कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले पैसे. मुदत पुरी झालेली, रक्कम व्याजासह तयार, फक्त ठेवणारा माणूस नाही. अशा पावतीवर सही करताना मला हटकून गुलाम मोहम्मद आठवायचे. त्यांचा आणि बँकेचा काही संबंध नाही. ते संगीतकार होते, ‘पाकीझा’चे.

१९७२ साली मी चौथीत होतो. कोठेवालीचा सिनेमा पोराटोरांनी बघायचा नाही, असा आईचा हुकूम होता. रेकॉर्डला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. काकांकडे नवा रेकॉर्डप्लेअर आला होता आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा हातात घेऊन आम्ही सगळे ‘पाकीझा’ची तबकडी ऐकायचो. ‘चलते चलते’मध्ये आगगाडीची शिट्टी ऐकू आली की धाकटी बहीण खिडकीकडे पळायची. काका ठासून सांगायचे, हे सगळे नौशादचे काम. मोठी माणसे सांगतात ते खरेच, म्हणून मीही तेच वीस वर्षे सांगत राहिलो. शेवटी बँकेच्या कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्याने मला चारचौघांत दुरुस्त केले. मी इतका ओशाळलो, की त्या संध्याकाळपासून या माणसाच्या मागे लागलो तो आजतागायत.

गुलाम मोहम्मद बिकानेरकडचे. जन्म १९०३ चा. घरात तबला होता, त्यामुळे हात लहानपणीच तयार झाला. नाटक मंडळ्यांतून लहान-मोठी कामे करीत ते मुंबईला आले आणि इथे त्यांनी अनेक वर्षे नुसती वाट पाहिली. बोलपट आल्यावर वादक म्हणून शिरकाव झाला. ढोलकीवर त्यांचा हात असा काही चाले, की पुढे नौशादांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. ‘आन’ (१९५२) पर्यंत ते नौशादांचे सहायक होते. नौशादांच्या त्या काळातल्या गाण्यांत जो ठेका आपल्याला आजही मान डोलवायला लावतो, त्यात या माणसाचा मोठा वाटा आहे. पण सहायकाचे नाव कोण वाचतो? आम्ही बँकवाले हे चांगले जाणतो. ताळेबंद जुळवतो एक आणि खाली सही असते दुसऱ्याची.

बरे, स्वतंत्र काम त्यांनी केले नाही असेही नाही. ‘शायर’ (१९४९), ‘परदेस’ (१९५०), ‘अंबर’ (१९५२), ‘दिल-ए-नादान’ (१९५३) असे बरेच चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. त्यांतला माझा लाडका म्हणाल तर सोहराब मोदींचा ‘मिर्झा गालिब’ (१९५४). गालिबच्या गझलांना चाल लावायची म्हणजे विस्तवाशी खेळ. शब्द आधीच इतके भरलेले, की चालीने जरा मिजास दाखवली तरी शेर कोसळतो. गुलाम मोहम्मदांनी तिथे हात राखून काम केले. वाद्ये मागे ठेवली, सुरैया आणि तलत यांच्या गळ्यांना मोकळी वाट दिली. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले हे मराठी माणसाला पाठ असते. त्याच्या पुढच्या वर्षीचे सुवर्णपदक ‘मिर्झा गालिब’ला मिळाले. एवढे होऊनही गुलाम मोहम्मदांच्या दाराशी निर्मात्यांची रांग लागली नाही. का, याचे उत्तर मला सापडलेले नाही. ‘शमा’ (१९६१) मधली सुरैयाची गाणी गाजली, आणि मग काम जवळजवळ थांबलेच.

हातात उरला होता एकच चित्रपट, आणि तो काही केल्या पुरा होत नव्हता.

कमाल अमरोहींनी ‘पाकीझा’चा घाट १९५० च्या दशकात घातला. आधी तो कृष्णधवल होता, मग रंगीत झाला, मग सिनेमास्कोप आले म्हणून पुन्हा नवी मांडणी. ‘इन्ही लोगों ने’चे कृष्णधवल चित्रीकरणही झाले होते. म्हणजे आम्ही १९७२ साली नवी म्हणून ऐकत होतो, त्यांतली काही गाणी तोवर पंधरा-एक वर्षांची झाली होती! १९६४ च्या सुमारास अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि काम बंद पडले. नायिकाच गेली तर कोठा उभारायचा कुणासाठी? कॅमेरामन जोसेफ विर्शिंग १९६७ साली वारले. १७ मार्च १९६८ रोजी गुलाम मोहम्मदही गेले. गाणी डब्यात बंद होती.

पुढे मीनाकुमारी पुन्हा कामाला तयार झाल्या आणि चित्रपट उभा राहिला. तोवर जमाना पालटला होता. राहुलदेव बर्मनच्या गिटारीने तरुण पोरे वेडी झाली होती. ही जुनी मुजऱ्याची गाणी आता कोण ऐकणार, नवा संगीतकार घ्या, असे सल्ले अमरोहींना मिळाले. व्यवहार बघितला तर सल्ला चुकीचा नव्हता. कर्जाच्या प्रस्तावावर मीही कदाचित तसाच शेरा मारला असता. अमरोही बधले नाहीत. गेलेल्या माणसाने केलेली गाणी त्यांनी तशीच ठेवली. या हट्टी दिग्दर्शकाविषयी पुष्कळ वाईटसाईट बोलले जाते; मी मात्र या एका गोष्टीसाठी त्यांना बरेच काही माफ करतो. पार्श्वसंगीत तेवढे नौशादांनी पुरे केले. परवीन सुलताना, राजकुमारी, वाणी जयराम यांच्या आवाजातल्या ठुमऱ्यांचे तुकडे त्यांचे. आमच्या काकांच्या गैरसमजाला आधार असेल तर तेवढाच.

४ फेब्रुवारी १९७२ ला मुंबईत मराठा मंदिरला ‘पाकीझा’ लागला. पहिले काही आठवडे प्रतिसाद बेताचा होता. ३१ मार्चला मीनाकुमारी गेल्या आणि थिएटरवर गर्दी उसळली. तबकडी मात्र केवळ हळहळीवर चालली असे मी म्हणणार नाही. ‘ठाडे रहियो’ ऐका. त्यातला मांड राजस्थानच्या मातीतला, म्हणजे गुलाम मोहम्मदांच्या घरचाच. ठेका सुरू झाला की ढोलकीवर कुणाचा हात बसलेला आहे ते न सांगता कळते. लताबाईंनी किती संगीतकारांकडे गायिले त्याची गणती नाही, पण इथे त्या ज्या ठसक्यात गातात तो फार थोड्यांना काढून घेता आला.

त्या वर्षीचे फिल्मफेअरचे संगीताचे पारितोषिक ‘बेईमान’ला, शंकर-जयकिशन यांना गेले. त्याच चित्रपटासाठी प्राणना सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले होते. संगीताचा मान ‘पाकीझा’च्या गुलाम मोहम्मदांचा होता, असे म्हणून त्यांनी आपले पारितोषिक नाकारले. पडद्यावर आयुष्यभर खलनायकी केलेला हा गृहस्थ! वारस नसलेल्या खात्यावर हक्क सांगायला असा एखादाच उभा राहतो.

आता गुलाम मोहम्मद म्हटले की लोक ‘पाकीझा’ म्हणतात आणि थांबतात. ‘मिर्झा गालिब’ त्या एका तबकडीखाली गाडला गेला, याची मला चुटपूट आहे. पण ती तबकडी नसती तर नाव तरी कुणी घेतले असते का, हेही आहेच. गंमत अशी, की खाते तिथेही बंद झाले नव्हते. चित्रपटात न वापरलेली त्यांची गाणी डब्यात पडून होती. १९७७ साली ‘पाकीझा रंग बरंग’ नावाने त्यांची वेगळी तबकडी निघाली. शमशाद बेगम, सुमन कल्याणपूर, शोभा गुर्टू यांचे आवाज तीत आहेत.

ही दुसरी तबकडी मला एका रविवारी रद्दीवाल्याकडे मिळाली. ती घेऊन मी तडक काकांकडे गेलो. त्यांची नव्वदी उलटली होती, ऐकू कमी येत होते. मी वेष्टनावरचे संगीतकाराचे नाव बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवले. काकांनी चष्मा वर केला, नाव पुन्हा एकदा स्वतः वाचले आणि जुनी ‘पाकीझा’ कपाटातून काढून दे म्हणाले. तिच्यावरचेही नाव त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचे होते.