शास्त्र आणि सूर : पंडित विष्णू नारायण भातखंडे

साधनेच्या वाटेवर एक प्रश्न कधी ना कधी आपल्या सर्वांसमोर उभा राहतो. ग्रंथात नियम आहेत, विधी आहेत. पण अनुभव काही वेगळेच सांगतो. अशा वेळी कशाला धरायचे? संगीताच्या क्षेत्रात हाच प्रश्न आयुष्यभर उराशी बाळगणाऱ्या एका तपस्व्याची आज ओळख करून घेऊया.

पंडित विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. ते शिकले कायदा, व्यवसाय केला वकिलीचा. पण मन रमले सुरांत. तरुणपणी सतार शिकले. मग मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी धृपदे घेतली, इतर उस्तादांकडून ख्याल घेतले. शेकडो बंदिशी कंठात बसल्या.

पण वकिलाची बुद्धी स्वस्थ बसेना. जुने संस्कृत ग्रंथ उघडावेत, तर त्यांतले रागवर्णन प्रत्यक्ष गाण्याशी जुळत नसे. गवयांना विचारावे, तर एकाच रागाची एक घराणे एक रीत सांगे, तर दुसरे दुसरी. हा स्वर इथे का, याचे उत्तर मात्र मिळत नसे. गुरूंनी असे शिकवले, एवढेच सांगितले जाई. एकीकडे प्राण नसलेले शास्त्र आणि दुसरीकडे शास्त्र विसरलेला प्राण!

याच काळात त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. काही वर्षांच्या अंतराने पत्नी गेली, एकुलती एक मुलगीही गेली. आपल्यावर असा प्रसंग आला तर आपण काय करू, याचा क्षणभर विचार करा. पंडितजींनी हळूहळू वकिली सोडली आणि उरलेले सारे आयुष्य संगीताच्या सेवेला वाहिले.

१९०४ मध्ये ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. तेथे त्यांना व्यंकटमखींच्या ७२ मेळांच्या रचनेचा परिचय झाला. पुढे पूर्व आणि उत्तर भारतही त्यांनी पालथा घातला. जिथे पोथी असेल तिथे ती पाहिली, जिथे जाणकार गवई असेल तिथे नम्रपणे शिष्य होऊन बसले. काहींनी दिले, काहींनी दार लावून घेतले. पण ते थांबले नाहीत.

या शोधातून त्यांना जे सापडले, ते आपल्यालाही उपयोगी आहे. ग्रंथ आणि आजचे गायन यांत विरोध दिसला, तर आजच्या गायनाला प्रमाण मानून नियम नव्याने मांडावा, असा निर्णय त्यांनी घेतला. १९१० मध्ये चतुर पंडित या नावाने लिहिलेल्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच ‘लक्ष्य’ हा शब्द आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले संगीत. मराठीत त्यांनी हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार भाग गुरु-शिष्यांच्या संवादरूपाने लिहिले, दहा थाटांत राग बसवले आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे १८०० बंदिशी स्वरलिपीसह जपून ठेवल्या.

त्यांनी स्वतःही बंदिशी रचल्या. त्यांतली लक्षणगीते तर फार सुंदर कल्पना आहे. रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गाण्याची वेळ हे सारे गीताच्या शब्दांत, आणि चाल त्याच रागाची! विद्यार्थी नियम पाठ करीत नाही, तो नियम गातो.

त्यांच्यावर टीकाही झाली. कागदावरच्या खुणांत मींड मावते का? दरबारीचा आंदोलित कोमल गंधार आणि जौनपुरीचा कोमल गंधार लिपीत सारखेच दिसतात. गळ्यात मात्र किती वेगळे! सगळे राग दहा थाटांत नीट बसत नाहीत, हेही खरेच. पण केवळ स्वरांच्या यादीने राग होत नाही, हे पंडितजी जाणून होते. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. तरी त्यांनी पहिला कल्याण थाटात ठेवला, दुसरा बिलावलात. कारण भूपात गंधार बोलतो, देशकारात धैवत.

म्हणूनच १९१६ ची बडोद्याची संगीत परिषद, ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय, १९२६ मध्ये लखनौला सुरू झालेले मॅरिस कॉलेज अशी कार्ये उभारताना त्यांनी शास्त्राबरोबर गाणाऱ्यांनाही मानाचे स्थान दिले. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्यांच्याकडून शास्त्र घेतले, आणि बडोद्यात उस्ताद फैयाज खाँ यांच्यासमोर बसून गायकीही घेतली. गुरूची थोरवी यातच नाही का?

अखेरची काही वर्षे पंडितजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांनी देह ठेवला.

साधकहो, नियम हा नदीचा काठ आहे आणि अनुभव हे तिचे पाणी. काठ नसेल तर पाणी पसरून वाया जाते. पाणी नसेल तर काठ कोरडाच राहतो. आज आपल्या नित्य साधनेला बसताना स्वतःला एवढेच विचारा : मी विधी नुसता पार पाडतो आहे, की तो गातो आहे?