सलीम अली आणि त्यांची मंडळी

मोठा माणूस एकटाच मोठा होतो, अशी आपली एक समजूत असते. सलीम अलींचे नाव घेतले की गळ्यात दुर्बीण अडकवून माळावर एकटीच उभी असलेली एक कृश, पांढऱ्या दाढीची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. पण त्यांचे चरित्र थोडे जवळून पाहिले म्हणजे या मूर्तीमागे एक अख्खी मंडळी उभी असलेली दिसते. निसर्गाच्या हौसेपायी एकत्र आलेल्या त्या मंडळीने एका पोरक्या मुलाला घडविले आणि पुढे त्या मुलाने मंडळीला तारले, ही कथा पुन्हा सांगण्यासारखी आहे.

ही मंडळी म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी ती स्थापन केली. त्यांत सहा युरोपियन होते आणि दोघे आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे धाकटे बंधू, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील आणि वनस्पतींचे जाणकार. या मंडळींनी महिन्याला एकदा जमावे, कोणी सापडलेला साप आणावा, कोणी फुलपाखरू, कोणी एखाद्या पक्ष्याची हकीकत सांगावी आणि मग त्यावर चर्चा व्हावी, असा परिपाठ होता. 1884 साली फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने आपल्या पेढीतली जागा संस्थेला दिली. सभासदांनी सांगितलेले विरून जाऊ नये म्हणून 1886 पासून नियतकालिक निघू लागले. पुढे कारवारहून आलेला एक धनेश या कचेरीत 1894 ते 1920 पर्यंत सभासदासारखाच नांदला. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांतले ते शेंडेफळ. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना खेतवाडीतल्या घरी वाढविले. मामांना शिकारीचा नाद होता, तेव्हा भाच्याच्या हाती छर्‍यांची बंदूक येणे ओघानेच आले. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. मामा सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन मुलाला संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठविले. ही गोष्ट 1908 च्या सुमाराची.

त्या काळी एका साहेबाने एका नेटिव पोराला दारातूनच परत पाठविले असते तरी कोणाला नवल वाटले नसते. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली, मग एकामागून एक कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी मुलाला दाखविले, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी जतन करण्याचे शिक्षण मिळण्याची सोय करून दिली. ना प्रवेशपरीक्षा, ना फी. सलीम अलींचे खरे विद्यालय त्या दिवशी सुरू झाले.

दुसऱ्या विद्यालयांशी त्यांचे फारसे जमले नाही. सेंट झेवियर कॉलेजात गणिताने छळले. अभ्यास अर्धवट टाकून ते घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले. तिथे धंद्यापेक्षा रानच अधिक पाहून झाले. परत आल्यावर व्यापारी शिक्षण आणि प्राणिशास्त्र दोन्ही केले, तरी पदवी मिळाली नाही. 1918 साली तेहमिना यांच्याशी विवाह झाला. भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा पदवीअभावी हुकली. 1926 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात व्याख्याता-मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि स्ट्रेझमान या थोर पक्षितज्ज्ञाच्या हाताखाली शिकले. 1930 साली परतले तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

संसार पाठीशी आणि हाती काम नाही, अशा स्थितीत हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास बसून टिपणे घेऊ लागले. बहिणाबाईंच्या कवितेने सुगरणीचा खोपा पुढे घरोघरी पोहोचविला. मराठीने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले असले तरी खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येऊन पाहणी करते, पसंत पडला तर संसार मांडते, मग नर तो पुरा करतो आणि दुसरी मादी मिळविण्यासाठी नवा खोपा सुरू करतो. हा क्रम सलीम अलींनी उलगडून दाखविला. हा निबंध सोसायटीच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि बेकार माणसाचे नाव परदेशी विद्वानांच्या तोंडी गेले.

पुढे त्यांनी संस्थानिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: मेहनताना नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन अशी एकेका संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सोसायटीच्या वतीने झाली. तंबूतला संसार तेहमिनाबाईंनी सांभाळला. 1939 साली शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. हा घाव खोल होता. बहीण आणि मेहुणे यांच्या आधाराने ते सावरले आणि 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले, म्हणजे मंडळीचे दार सर्वांसाठी उघडले.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद मायदेशी गेले आणि संस्थेची आर्थिक स्थिती बिकट झाली. तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळविली. चिमणी घेऊन आलेल्या मुलाने ऋण फेडले ते असे. पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे काम त्यांनी वाढविले. त्यासाठी पक्षी इजा न होता पकडण्यात पारंगत असे बिहारचे मीरशिकार बरोबर घेतले. पुस्तकी ज्ञान आणि पारध्याचे हातचे ज्ञान एका पंगतीला बसले. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती दोघांच्याच डोळ्यांनी पाहिलेली नाही. गावोगावच्या डॉक्टरांनी, वनाधिकाऱ्यांनी, चहामळेवाल्यांनी वर्षानुवर्षे धाडलेली टिपणेही त्यात आहेत.

सलीम अली शिस्तीचे कडक होते. तारीख, स्थळ, संख्या नसलेले टिपण त्यांच्या लेखी गप्पांत जमा. तरुणपणी त्यांनी अभ्यासासाठी पुष्कळ पक्षी मारले, हेही खरे. ते त्यांनी कधी लपविले नाही. त्याच माणसाने पुढे भरतपूरचे पाणपक्षी आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य वाचावे म्हणून आपले वजन खर्ची घातले. गेटी पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी सोसायटीला दिली. 1976 साली पद्मविभूषण आणि 1985 साली राज्यसभेचे सभासदत्व मिळाले. 20 जून 1987 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. त्या आठवड्यात व्याख्यान ऐकून आपण घरी जातो. पण आठ माणसे, महिन्याची एक बैठक आणि एक टिपणवही एवढ्या भांडवलावर ती मंडळी उभी राहिली होती, हे ध्यानात ठेवावे. आपल्या महाविद्यालयाच्या आवारातही साळुंक्या, बुलबुल, तांबट आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे काय कळणार, असे कोणी म्हणेल. ज्याला पदवी मिळाली नाही त्याच्याकडून सारा देश पक्षी ओळखायला शिकला. आणि कोण जाणे, उद्या एखादे शाळकरी पोर ओंजळीत अनोळखी पाखरू घेऊन आपल्या दाराशी येईल. त्याच्यासाठी कपाट उघडणारे कोणीतरी त्या वेळी जागेवर असले पाहिजे.