संत शार्ल द फुको : वीस झोपड्यांच्या गावातील मिशनरी



दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मिशन रविवार येतो. आपण मिशन कार्यासाठी प्रार्थना करतो, पाकिटात यथाशक्ती दान घालतो आणि मनात सहज एक हिशेब सुरू होतो. दूरदेशी किती जणांना बाप्तिस्मा मिळाला? किती चर्च उभी राहिली? किती शाळा, किती दवाखाने? असा हिशेब करण्यात काही चूक नाही. मात्र या रविवारी आम्ही आपल्यापुढे अशा एका मिशनरीचे चरित्र ठेवत आहोत, ज्यांच्या नावापुढे या हिशेबात जवळजवळ शून्यच लिहावे लागेल. तरीही १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्याच दिवशी आपल्या भारताचे देवसहायम् यांनाही संतपद मिळाले, म्हणून तो दिवस आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल.

शार्ल द फुको यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे एका सरदार घराण्यात झाला. वयाची सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच त्यांचे आई-वडील दोघेही वारले. आजोबांनी त्यांना प्रेमाने वाढवले. पण तरुणपणी त्यांची श्रद्धा हळूहळू विझत गेली. ते लष्करात अधिकारी झाले. वारशाने आलेला पैसा त्यांनी मेजवान्यांत आणि चैनीत उडवला. बेशिस्त आणि बदनाम वागणुकीमुळे लष्कराने त्यांना काही काळ सेवेतून दूरही केले. पुढे लष्कर सोडून १८८३-८४ मध्ये त्यांनी मोरोक्कोचा धाडसी प्रवास केला. त्या काळी तेथे ख्रिस्ती माणसाला फिरणे धोक्याचे होते, म्हणून ते ज्यू रब्बीच्या वेषात फिरले. या कामगिरीबद्दल पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले.

पण त्या प्रवासातून त्यांनी नकाशांबरोबर एक अस्वस्थताही आणली. देवापुढे दररोज नतमस्तक होणारे मुसलमान पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला होता, खरोखरच देव असेल तर? ऑक्टोबर १८८६ मध्ये ते पॅरिसच्या संत ऑगस्टीन चर्चमध्ये फादर ह्युव्हलँ यांच्याकडे धर्माविषयी काही शिकून घ्यावे म्हणून गेले. फादरांनी चर्चा केली नाही. त्यांनी शार्ल यांना गुडघे टेकून पापनिवेदन करायला सांगितले आणि लगेच ख्रिस्तशरीर स्वीकारायला पाठवले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना देवाच्या अस्तित्वाचे पुरावे आम्हीही पाठ केले आहेत. शार्ल यांना मात्र देव भेटला तो पापनिवेदनाच्या जागी.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला : नाझरेथ. येशूने आपल्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे एका लहान गावात, कोणाच्या डोळ्यांवर न येता, शेजाऱ्यांमध्ये काम करत काढली. तसेच जगावे म्हणून शार्ल सात वर्षे ट्रॅपिस्ट मठात राहिले. मग १८९७ मध्ये ते प्रत्यक्ष नाझरेथला गेले आणि तेथील क्लारा भगिनींच्या मठात गडी म्हणून राबले. अखेर ९ जून १९०१ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली. नाझरेथ कोठेही असू शकते, हे आता त्यांना उमगले होते. ज्यांच्याकडे कोणीच जात नाही त्यांच्याकडे जावे, असे ठरवून ते अल्जेरियातील बेनी अब्बेस या वाळवंटातील गावी गेले. तेथे त्यांनी पाहुण्यांना, प्रवाशांना, गरिबांना दार उघडे ठेवले. पैसे मोजून काही गुलामांची सुटका केली आणि गुलामगिरीकडे काणाडोळा करणाऱ्या फ्रेंच सरकारविरुद्ध पत्रे लिहिली.

तेथून ते आणखी दक्षिणेला सरकले. १३ ऑगस्ट १९०५ रोजी ते होगार पर्वतराजीतील तामानरासेत या गावी पोहोचले. अल्जीयर्स शहरापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटर दूर असलेले हे गाव म्हणजे विखुरलेल्या वीसेक झोपड्या. ना बाजार, ना टपाल कचेरी, ना दुसरा एखादा धर्मगुरू. वस्ती तुआरेग लोकांची आणि त्यांची शेती कसणाऱ्यांची, सर्व मुसलमान. शार्ल यांनी तेथे दगडमातीचे एक अरुंद घर बांधले. घरात एक वेदी होती. त्यांनी प्रवचने दिली नाहीत. आजाऱ्यांना औषध दिले, बायकांना सुया दिल्या, लोकांची भांडणे ऐकून घेतली आणि तासन् तास पवित्र साक्रामेंतापुढे बसून राहिले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. शार्ल हे आपल्या काळाचे फ्रेंच नागरिक होते. सहारावर फ्रान्सची सत्ता असावी, ती त्या लोकांच्या हिताचीच आहे, असे त्यांना वाटत असे आणि लष्करातील जुन्या मित्रांशी त्यांचे संबंध कायम होते. परकीय सत्तेचा अनुभव घेतलेल्या आपल्या देशात हे वाचताना खटकणार, आणि खटकावे. संत हे काळाच्या बाहेर जन्माला येत नाहीत. देव त्यांना त्यांच्या मर्यादांसह उचलतो आणि हळूहळू घडवतो. शार्ल यांच्या बाबतीत हे घडवणे कसे झाले, ते पुढील प्रसंगावरून दिसते.

१९०७ साल सरत होते. होगारमध्ये दीर्घ दुष्काळ पडला होता. शार्ल यांनी आपल्याकडील धान्य वाटून टाकले होते. मिस्सा अर्पण करताना उत्तर देणारा निदान एक ख्रिस्ती माणूस हवा, असा त्या वेळी नियम होता. तामानरासेतमध्ये ते एकटेच ख्रिस्ती असल्यामुळे त्या नाताळात त्यांना मिस्सा अर्पण करता आली नाही. सोबत यायला निघालेला एक तरुण ब्रदर त्याच वर्षी वाटेतूनच परत फिरला होता. जानेवारी १९०८ मध्ये ते अंथरुणाला खिळले. हलले तरी दम लागे. मृत्यू जवळ आला असे त्यांना वाटू लागले.

तेव्हा त्यांना वाचवले ते त्यांच्या शेजाऱ्यांनी. ज्यांच्या स्वतःच्या मुलांना दूध मिळत नव्हते, त्या तुआरेग कुटुंबांनी आसपासच्या सगळ्या शेळ्या पालथ्या घातल्या आणि जे काही थेंब मिळतील ते आणून या परक्या माणसाला पाजले. आजवर शार्ल देणारे होते. औषध देणारे, धान्य देणारे. आता ते रिकामे पडले होते आणि गरीब मुसलमान शेजारी त्यांना देत होते. आमच्या मते त्यांचे खरे मिशन त्या दुधापासून सुरू झाले. जो फक्त देतो तो वरच्या पायरीवर राहतो. जो घेऊ शकतो तोच शेजारी होतो. त्याच जानेवारीच्या अखेरीस, एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची परवानगी रोमहून त्यांच्या हाती आली.

यानंतरची वर्षे त्यांनी फार मोठ्या प्रमाणात एका कामाला दिली : तुआरेग भाषा. शब्द, म्हणी, गाणी आणि काव्य लोकांच्या तोंडून ऐकून ते लिहून घेत. त्यांनी जमवलेल्या काव्याच्या ओळींची संख्या हजारोंवर गेली. त्यांचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश १९५१-५२ मध्ये चार मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. बाप्तिस्मा जवळजवळ कोणालाच देता आला नाही, तरी एका समाजाचे बोलणे त्यांनी इतक्या आदराने जपले. एखाद्याची भाषा शिकणे म्हणजे, तुझ्याकडे मला सांगण्यासारखे काही आहे, हे मान्य करणे.

पहिल्या महायुद्धाची झळ वाळवंटापर्यंत पोहोचली. गावकऱ्यांना आसरा मिळावा म्हणून शार्ल यांनी एक लहान गढी बांधली. तेथे शस्त्रेही ठेवलेली होती. १ डिसेंबर १९१६ रोजी संध्याकाळी सशस्त्र टोळीने गढी वेढली. ओळखीच्या एका माणसाने हाक दिली म्हणून त्यांनी दार उघडले. त्यांना ओढून बाहेर काढले, हात बांधले. तेवढ्यात दोन सैनिक येताना दिसले. गोंधळ उडाला आणि पहाऱ्यावरच्या कोवळ्या पोराने गोळी झाडली. शार्ल अठ्ठावन्न वर्षांचे होते. होगारच्या तुआरेगांचे प्रमुख मूसा अग अमस्तान यांनी शार्ल यांच्या बहिणीला दुःखाचे पत्र पाठवले.

शार्ल यांनी अनेक वर्षे बंधुसंघासाठी नियम लिहिले, पुन्हा लिहिले. पण त्यांच्या हयातीत एकही बंधू त्यांच्यासोबत टिकला नाही. १९३३ मध्ये फादर व्हॉयोम यांनी सहाराच्या काठावर येशूचे लहान बंधू हा संघ सुरू केला आणि १९३९ मध्ये सिस्टर माग्दलेन यांनी येशूच्या लहान भगिनी हा संघ. हे व्रतस्थ मोठ्या संस्था चालवत नाहीत. ते गरीब वस्तीत खोली घेतात, सामान्य नोकरी-मजुरी करतात आणि शेजाऱ्यांमध्ये राहतात. पोप फ्रान्सिस यांनीही २०२० साली सर्वांच्या बंधुत्वावर परिपत्रक लिहिले, तेव्हा त्याचा शेवट शार्ल यांच्या आठवणीने केला. जमिनीत पडून मेलेल्या गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू येशूने सांगितले ते असेच घडत असते. पीक पाहायला दाणा राहत नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या आळीत, आपल्या इमारतीत वेगळ्या धर्माची, वेगळ्या भाषेची माणसे राहायला आली आहेत. त्यांतील कित्येकांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. त्यांच्यासाठी आपण काय करतो, असा प्रश्न आपण कधीतरी विचारतो. त्यांच्याकडून आपण काय घेतले, हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही. १ डिसेंबर हा संत शार्ल यांचा सण. तोपर्यंत होणाऱ्या लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकींत हा दुसरा प्रश्न प्रामाणिकपणे चर्चेला घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

संत शार्ल, आम्हासाठी विनंती करा.

आपले धर्मगुरू