बुरशीवरचा पहारेकरी : एली मेचनिकॉफ

एक टॉवेल चौघांनी वापरला की नायटा रूमभर! पण तोंडात, आतड्यात बुरशी कायमच असते, तरी आपण ठणठणीत कसे? याचं उत्तर एली मेचनिकॉफ यांच्यापासून सुरू होतं.

त्यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधला. १८८२ मध्ये मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा घोळका! १८८४ मध्ये डॅफ्निया या पाण्यातल्या बारीक जीवात यीस्टचे सुईसारखे बीजाणू घुसताना त्यांनी पाहिले. पेशींनी ते गिळले तर डॅफ्निया जगे, नाहीतर यीस्ट वाढून तो मरे. अनेकांनी हा विचार मानला नाही. १९०८ ला मात्र नोबेल मिळालं. त्यांचाच विद्यार्थी हाफकिन. त्याने १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस दिली. मेचनिकॉफ १९१६ ला पॅरिसमध्ये वारले.

या पेशी दुबळ्या पडल्या की बुरशी डोकं वर काढते. २०२१ मध्ये कोरोना, वाढलेली साखर आणि स्टेरॉईड यांमुळे मराठवाड्यातही काळी बुरशी फोफावली. म्हणून केजच्या मेडिकलमधून मनानेच स्टेरॉईडची ट्यूब आणून नायट्यावर चोळू नका. पहारेकरी झोपवला की चोराचंच फावतं!