श्वास शिकवणारी बाहुली

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव, विहिरीत बुडालेले मूल बाहेर काढल्यावर हाताशी फार थोडा वेळ असतो. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात शहरातला भूलतज्ज्ञ गावात पोहोचत नाही. जे करायचे ते तिथे हजर असलेल्यांनाच करावे लागते. त्यांचे हात तयार कसे करायचे, याची वाट दाखवली ती खेळणी बनवणाऱ्या एका माणसाने.

आस्मुंड लेर्डाल यांचा जन्म नॉर्वेत झाला. १९४० मध्ये त्यांनी स्टाव्हँगर शहरात छोटा व्यवसाय सुरू केला. शुभेच्छापत्रे, मुलांची पुस्तके, मग लाकडी खेळणी आणि पुढे मऊ प्लास्टिकच्या मोटारी व बाहुल्या. हे प्लास्टिक त्वचेसारखे भासते हे लक्षात आल्यावर त्यांनी प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणासाठी खोट्या जखमा तयार करून दिल्या. याच काळात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा तोरे पाण्यात बुडता बुडता वाचला. लेर्डाल यांनीच त्याला बाहेर ओढून त्याचा श्वासमार्ग मोकळा केला होता.

त्याच दशकात अमेरिकेत डॉ. पीटर साफार यांनी प्रयोगांतून दाखवून दिले, की बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो; डोके मागे झुकवून हनुवटी उचलली की तो उघडतो, आणि तोंडाने दिलेला श्वास फुप्फुसात पोहोचतो. पण हे लोकांना शिकवायचे कसे? जिवंत माणसावर सराव करता येत नाही आणि नुसत्या चित्रावरून हात बसत नाही. नॉर्वेतील भूलतज्ज्ञ डॉ. ब्यॉर्न लिंड यांनी लेर्डाल यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला.

१९६० मध्ये लेर्डाल यांची माणसाएवढी बाहुली, 'रेसुसी ॲन', तयार झाली. सीन नदीत बुडालेल्या अनोळखी मुलीचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मुखवट्यावरून तिचा चेहरा घेतला होता. पण तिची खरी करामत मानेत होती. डोके नीट झुकवले नाही, तर कितीही फुंकले तरी छाती वर येत नसे. चूक तिथल्या तिथे कळे आणि कुणाचा जीवही जात नसे. पुढे साफार यांच्या सूचनेवरून छातीत स्प्रिंग बसवली आणि हृदयदाबाचाही सराव होऊ लागला. १९८१ मध्ये लेर्डाल निवर्तले.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची आहे. 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त २००९ पासून डॉक्टर आणि परिचारिका बाहुलीवरच शिकतात. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात मास्क घट्ट बसवून अंबू बॅगने श्वास द्यायचा असतो. मास्कच्या कडेने हवा निसटते आहे, हे हाताला सरावानेच कळते.

सरकारी रुग्णालयातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की समजली आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र टिकते, हाताचे कसब टिकत नाही. सराव थांबला की काही महिन्यांत ते उतरते. त्यामुळे वर्षातून एकदा शिबिर घेऊन बाहुली कपाटात कुलूपबंद करणे पुरेसे नाही. ती प्रसूतिगृहाशेजारी, धूळ न बसता, दर आठवड्याला दहा मिनिटे वापरात हवी.

गावकऱ्यांनीही आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन शिक्षक आणि तरुणांसाठी असा सराव मागावा. बुडालेल्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा, श्वास चालू नसेल तर श्वासमार्ग मोकळा करून कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब द्यावा. हे वाचून येत नाही. त्यासाठी एकदा तरी त्या बाहुलीपुढे गुडघे टेकून बसावे लागते.