पगार नव्हे, मानधन!

मागच्या महिन्यात आमच्या अंगणवाडीतल्या ताईंचे कागद भरत होते. वीस वर्षं राबलेली बाई, पण ‘पगार’ लिहायचं नाही, ‘मानधन’ लिहायचं! तेव्हा मला हेझल यिंग ली आठवली.

हेझल १९१२ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला, चिनी कुटुंबात जन्मली. चिनी मुलींना तिथे बरी नोकरी कोण देणार? ती एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची आणि पैसे साठवून विमान शिकायची. १९३२ मध्ये लायसन्स मिळवलंच पठ्ठीनं! पुढच्या वर्षी ती चीनला गेली. जपानशी लढण्यासाठी तिला तिथल्या हवाई दलात जायचं होतं. पण बाई म्हणून नकार मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे वैमानिक परदेशी लढायला गेले. मग देशातल्या देशात विमानं कोण नेणार? बायकांना बोलावणं आलं. पंचवीस हजारांहून जास्त अर्ज आले, त्यातून शेवटी पास झाल्या १०७४ जणी. हेझलचं ट्रेनिंग १९४३ मध्ये टेक्सासमधल्या स्वीटवॉटरला झालं. अंगात पुरुषांच्या मापाचे ढगळ कपडे, बाह्या दुमडून घ्यायच्या आणि उडायचं! लष्करी शिस्त सगळी, पण कागदोपत्री या बायका साध्या नागरिकच. विमा नाही, लष्करी सवलती नाहीत.

नंतर कारखान्यातून विमान घेऊन तळावर पोचवायचं, हे तिचं काम झालं. एकदा कॅन्ससमध्ये तिला शेतात उतरावं लागलं, तर शेतकरी तिला जपानी समजून दाताळं घेऊन मागे लागला! पुढे ती लढाऊ विमानंही चालवू लागली.

नोव्हेंबर १९४४ मध्ये माँटानातल्या ग्रेट फॉल्सला उतरताना तिच्या विमानावर दुसरं विमान आदळलं. भाजलेली हेझल दोन दिवसांनी गेली. वय अवघं बत्तीस. पाठोपाठ तिचा भाऊ फ्रान्समध्ये लढाईत गेल्याची तार आली. आणि त्या दु:खातच कळलं, की गोऱ्यांच्या दफनभूमीत या दोघांना जागा नाही. घरचे भांडले, तेव्हा कुठे जागा मिळाली.

अशा अडतीस जणी कामावर असताना गेल्या. हेझल त्यातली शेवटची. लष्कर अंत्यविधीचाही खर्च देत नसे, म्हणून मैत्रिणी आपसात वर्गणी काढायच्या. त्याच डिसेंबरात हे दल बंद केलं. त्या माजी सैनिक आहेत हे मान्य व्हायला १९७७ साल उजाडलं! तेही जिवंत राहिलेल्या जणींनी पाठपुरावा केला म्हणून.

बायकांचं काम सगळ्यांना हवं असतं हो, कागदावर नोंद करायची वेळ आली की हात आखडतो. आमच्या ताईंचा फॉर्म एका सहीसाठी परत आलाय. त्या म्हणाल्या, जाऊ द्या आता. मी म्हटलं, नाही ताई, उद्या सकाळच्या एसटीनं दोघी जाऊ.