औदुंबराच्या वाटेनं... बालकवी

माझं गाव ईट, तालुका भूम. बालाघाटाच्या रांगांमधला कायम पावसाची वाट बघणारा भाग. आमच्याकडे बरीच घरं शेतीपेक्षा दुभत्या जनावरांवर आणि खव्याच्या भट्टीवर चालतात. शाळेत बालकवींची श्रावणावरची कविता पाठ करायला लावायचे तेव्हा आम्हाला हसू यायचं. आमचा श्रावण बऱ्याचदा ढगांकडे बघण्यातच जायचा! वाटायचं, हा कवी नक्की कोकणातला, भरपूर पाण्यात वाढलेला सुखी माणूस असणार. पुढे हॉस्टेलला आल्यावर लायब्ररीत त्यांच्यावरचं एक जुनं पुस्तक हाताला लागलं आणि कळलं, आपला अंदाज साफ चुकलाय.

बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव, म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. जळगावचं ऊन काय असतं ते आपल्या हॉस्टेलच्या खानदेशी पोरांना विचारा! वडील पोलीस खात्यात, त्यामुळे सारख्या बदल्या. आज या गावात तर उद्या त्या गावात. शाळा धड एका ठिकाणी झालीच नाही आणि मोठी पदवीही मिळाली नाही. पण प्रत्येक गावाला एखादी नदी, एखादं रान, एखादी टेकडी असतेच. मुलगा तिथे रमायचा. पुस्तकी शिक्षण तुटक झालं, हे दुसरं शिक्षण मात्र कधी थांबलं नाही.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. सतरा वर्षांचा हा मुलगा तिथे उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, लष्करातले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनीच त्याला बालकवी ही पदवी दिली. मला ही गोष्ट फार आवडते. कीर्तिकरांनी आयुष्यभर भारतातल्या औषधी वनस्पती शोधल्या, त्यांची नावं-गुण लिहून ठेवले. बसूंबरोबर केलेला त्यांचा तो ग्रंथ १९१८ मध्ये निघाला आणि आजही अभ्यासकांना लागतो. फुलाचा अभ्यास करणाऱ्याने फुलाशी बोलणाऱ्याला ओळखलं. सायन्सवाले आणि कवितावाले वेगळे असं आपण उगाच म्हणतो!

पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्यांना अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) आपल्या घरी नेलं. टिळक स्वतः फुलामुलांचे कवी. लक्ष्मीबाईंनी ठोमऱ्यांना घरच्या मुलासारखं सांभाळलं. ‘स्मृतिचित्रे’ वाचलंत तर त्यात हा हट्टी, हळवा, मध्येच रुसणारा मुलगा भेटतो. मोठं झाल्यावरही आयुष्य काही सरळ झालं नाही. पैशाची ओढाताण होती आणि संसारातही मन लागत नव्हतं. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या या माणसाने ‘पारवा’सारखी उदास कविताही लिहिली, ती उगाच नाही. निसर्गात गेलं की दुःख पळून जातं असं आपल्याला सांगतात. बालकवींचं दुःख पळालं नाही. ते त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत जायचं आणि तिथे शेजारी बसायचं. पण बसायला तरी एक जागा होती, हे महत्त्वाचं.

५ मे १९१८. जळगाव आणि भुसावळच्या मधलं भादली हे लहानसं स्टेशन. तिथे रेल्वेच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नाही. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या त्यांच्या पश्चात.

आता माझं सांगतो. सर्व्हे कॅम्पला आम्ही एका ओढ्याकाठी लाईन टाकत होतो. मध्ये एक उंबर आला. दुर्बिणीतून पलीकडचं काही दिसेना. मी फील्ड बुकात त्या झाडापुढे ‘अडथळा’ असं लिहिलं आणि पुढे सरकलो. रात्री तंबूत झोप येईना. दोन विषय राहिले होते, घरी सांगितलं नव्हतं. तेव्हा एकदम ‘औदुंबर’ आठवली. फक्त आठ ओळींची कविता. ओढा, गाव, शेतं, पायवाट, डोह आणि शेवटी एकटं झाड. म्हणजे हाही सर्व्हेच की! फरक एवढाच, की त्यांच्या नोंदीत ते झाड अडथळा नाही. सगळी वाट त्याच्यापाशी येऊन थांबते.

सकाळी लवकर उठून त्या उंबराखाली जाऊन बसलो. अर्धा तास असेल. काही चमत्कार झाला नाही. विषय राहिलेलेच होते! पण परत येऊन घरी फोन केला आणि आप्पांना खरं सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, सुट्टीला ये आधी.

फील्ड बुकातला तो शब्द खोडून मी ‘उंबर, जुना’ असं लिहिलं. लाईन बाजूने वळवून घेतली, गणित थोडं वाढलं. तसं ते जमतं, आपल्याला शिकवलेलंच आहे.

— तृतीय वर्ष, स्थापत्य